बाबांची तब्येत जास्त आहे

नोव्हेंबरच्या मध्यात बर्फ पडायचा नसतो, असं या देशाने आपापसात ठरवून टाकलेलं आहे. बर्फ जानेवारीत पडावा, फार तर डिसेंबरच्या शेवटी. तो आधी पडला की लोकांचे चेहरे असे होतात, जणू पाहुणे न कळवता दारात उभे राहिलेत. हवामानखात्याने आदल्या दिवसापासून कंठशोष केलेला असतो की डोंगराळ भागात बर्फ पडणार, गरज असेल तरच प्रवास करा. पण आमच्या वेल्समध्ये, खाली कार्डिफला, नुसता पाऊस असतो. आम्ही कार्डिफवाले खिडकीतून तो पाऊस बघतो आणि हवामानखात्याला हसतो.

त्या सकाळीही पाऊसच होता. मला वॉर्डवरून सुट्टी होती आणि मी चहा टाकत होते. नवऱ्याचा फोन वाजला. तो फोन घेऊन मागच्या बागेत गेला, भर पावसात, पायात सपाता घालून. परत आला तेव्हा त्याने आधी सपाता पुसल्या, मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादाचा फोन होता. बाबांची तब्येत जास्त आहे. निघा म्हणाला."

बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर आम्ही त्यांना नागपूरहून इकडे आणलं, आणि ते राहत होते माझ्या थोरल्या भावाकडे. दादा दातांचा डॉक्टर आहे. ब्रेकनच्याही पलीकडे, डोंगर ओलांडून गेल्यावर एक लहानसं बाजाराचं गाव आहे, तिथे त्याचा दवाखाना आणि वर घर. माझं घर कार्डिफमध्ये, सपाट जमिनीवर, खालच्या मजल्यावर एक खोली रिकामी, बस दारात, आणि मी स्वतः नर्स. पण बाबा म्हणाले, लेकीकडे कसं राहायचं?

याचा मला आजही राग येतो. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा बाबा शाळेत होते. त्यानंतर घरातून देव गेले, उपास गेले, मुहूर्त गेले, सोयर-सुतक गेलं. बाबांनी जन्मभर वस्त्यावस्त्यांतून भाषणं केली की कुठलीही गोष्ट बापजाद्यांनी सांगितली म्हणून मानू नका, पारखून घ्या. एवढं सगळं पारखून घेतलेला माणूस म्हातारपणी लेकीच्या घरचं पाणी पिण्याआधी थबकला. पारखायची राहून गेलेली चाल नेमकी माझ्याच वाट्याला आली.

तर, तब्येत जास्त आहे. मी सतरा प्रश्न विचारले. श्वास लागलाय का, शुद्धीवर आहेत का, ऑक्सिजन किती आहे. नवरा आयटीतला माणूस, त्याला यातलं काही कळत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून त्याच्या गुळमुळीत उत्तरांचं मला काही वाटलं नाही. मी दादालाच फोन लावला.

"हॉस्पिटलमध्ये आणलंय. डॉक्टर बघतायत," दादा म्हणाला. "तू ये. पण हळू या. वर स्नो आहे. घाई करू नका."

"बाप तिकडे सिरीयस आहे आणि घाई करू नका काय?"

"अगं, रोड्स बॅड आहेत. हळू या."

मी अंगावर कोट घातला, चहा तसाच गॅसवर ठेवून निघाले. नवऱ्याने मागून गॅस बंद केला.

मर्थरपर्यंत पाऊस होता. तिथून रस्ता चढायला लागतो आणि पावसाचा आवाज हळूहळू बंद होतो. काचेवर टपटप वाजणारं पाणी एकदम मऊ पडायला लागलं. पहिल्या दहा मिनिटांत मला ते सुंदर वाटलं, हे सांगून टाकते. झाडांची पानं अजून गळलेली नव्हती. ओक, बीच सगळे पिवळे, तांबडे, आणि त्यांच्यावर हा पांढरा भार. नंतर कळलं की हीच खरी आफत. उघड्या फांदीवरून बर्फ खाली सरकतो, पानांवर मात्र तो साचत राहतो. दर थोड्या वेळाने कुठेतरी फांदी मोडल्याचा आवाज यायचा. एक अख्खी फांदी आमच्या समोर रस्त्यावर आली, आणि नवऱ्याने आणि पुढच्या व्हॅनमधल्या माणसाने मिळून ती बाजूला ओढली.

नवरा गाडी चालवत होता ती बैलगाडीच्या चालीने. खरा उभा चढ सुरू व्हायच्या आधी त्याने पेट्रोलपंपावर गाडी वळवली. पेट्रोल होतं. तो आत गेला, रांगेत उभा राहिला आणि दोन सँडविच, चहा आणि केळी घेऊन आला.

"खाऊन घे," म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाप मरतोय माझा आणि तू केळी घेत बसलास?"

"खा थोडं. नंतर राहून जाईल."

मी खाल्लं नाही. त्याने आग्रह सोडला नाही. "निदान अर्धं तरी," असं तो एखाद्या चुलतसासऱ्यासारखं म्हणत राहिला, शेवटी त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून मी अर्धं सँडविच गिळलं. आमच्याकडे माणसाला प्रवासात असं समजावून का खाऊ घालतात, हे मला त्या दिवसाआधी शंभरदा बघून माहीत होतं. त्या दिवशी ते माझ्या डोक्यात आलं नाही.

वर, रस्त्याकडेच्या तलावांच्या पुढे गेल्यावर गाड्या थांबल्या. आधी वाटलं सिग्नल असेल. मग आठवलं की या डोंगरावर सिग्नल कुठून येणार. समोरून चालत आलेल्या एका बाईने सांगितलं, माथ्याच्या अलीकडे एक मोठी लॉरी घसरून आडवी झाली आहे, दोन्ही बाजू बंद. मीठ आणि खडी टाकणारी गाडी, जिला इथे ग्रिटर म्हणतात, ती आमच्याही मागे अडकलेली होती. म्हणजे वरातीमागून घोडं, आणि तेही रांगेत उभं. ती पुढे आल्याशिवाय रस्ता सुटणार नाही आणि रस्ता सुटल्याशिवाय ती पुढे येणार नाही. पिवळा दिवा मात्र मोठ्या ऐटीत फिरत होता.

आम्ही किती वेळ तिथे होतो ते मी मोजलं नाही. गाडीची काच दोनदा पूर्ण झाकली आणि दोनदा पुसली एवढं आठवतं. बाहेर डोंगर दिसत नव्हता, कठडा दिसत नव्हता. रस्ता कुठे संपतो आणि उतार कुठे सुरू होतो ते फक्त मेंढ्यांना माहीत होतं. त्या मधूनच पांढऱ्यातून बाहेर यायच्या, आमच्याकडे बघायच्या आणि परत जायच्या. मागच्या गाडीतल्या लोकांनी गाणी लावली होती. पुढे दोघं जण बर्फाचे गोळे एकमेकांना मारत होते. सगळ्यांकडे सांगायला एक गोष्ट तयार होत होती. मला त्यातल्या प्रत्येकाच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती.

"मागे वळव," मी म्हणाले. "ॲबरगवेनीकडच्या खालच्या रस्त्याने जाऊ."

"वळवायला जागा नाही."

"मग मी चालत जाते."

"वेडी आहेस का?"

"तुला काय? तुझा बाप आहे का?"

त्याने बाहीने काच आतून पुसली. त्याचं गप्प बसणं मला थंडपणाचं वाटलं. एवढा शांत कसा राहू शकतो हा माणूस, असं मी मनात दहादा म्हटलं आणि तोंडाने दोनदा.

माझं काम असं आहे की मी आठवड्यातून एकदा तरी कुणालातरी लहान खोलीत नेऊन बसवते. तिथे एक टेबल, टिश्यूचा डबा. आम्हाला शिकवलेलं आहे की गोलगोल बोलायचं नाही. झोपी गेले, सोडून गेले, गमावलं, यातलं काही म्हणायचं नाही. मेले, हाच शब्द वापरायचा, एकदाच, स्पष्ट, आणि मग गप्प बसायचं. माणूस ऐकून घेतो. कोसळतो, पण ऐकून घेतो. आणखी एक गोष्ट मी तिथल्या नातेवाइकांना सांगते. माणूस जाताना डोळे आधी जातात, कान शेवटी. म्हणून बोला, ते ऐकत असतील.

हेच मला त्या रांगेत बसल्या बसल्या सुचलं. माझ्या फोनला तिथे रेंज नव्हती. नवऱ्याच्या फोनवर एक काडी होती. मी त्याचा फोन घेतला आणि दादाला लावला.

"दादा, आम्ही अडकलोय. मी वेळेवर पोचत नाही बहुतेक. फोन बाबांच्या कानाला धर."

पलीकडे काहीच आवाज नाही.

"धर ना! ते ऐकतात. बोलता आलं नाही तरी ऐकतात. मला माहितीये, मी रोज बघते."

नवऱ्याने माझ्या दंडावर हात ठेवला. मी तो झटकला.

बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, "धरलाय. बोल."

मी बोलले. गाडीत, नवऱ्यासमोर, त्याची पर्वा न करता बोलले. म्हटलं, बाबा, मी निघालेय, डोंगरावर आहे, बर्फ पडलाय, तुम्हाला आवडला असता. म्हटलं, तुम्ही मला सायकल शिकवलीत तेव्हा वस्तीतली माणसं हसली होती आणि तुम्ही त्यांच्या मुलींनाही शिकवायला बसलात, ते मी अजून सगळ्यांना सांगते. असं बरंच. आणि मग जे कधीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेही बोलले. म्हटलं, बाबा, तुम्ही दादाकडे सुखात नव्हता. मला दिसत होतं. मी यायचे तेव्हा तुम्ही त्या वरच्या मागच्या खोलीत एकटे बसलेले असायचात. ताट वर यायचं आणि ताट खाली जायचं. दादाला वेळ नव्हता आणि वहिनीला मन नव्हतं. मुलगा म्हणून तुम्ही त्याच्याकडे राहिलात आणि त्याने तुम्हाला सामानासारखं ठेवलं. तुम्ही एका शब्दाने तक्रार केली नाहीत, पण मला कळत होतं, एवढं तुम्हाला सांगायचं होतं.

मग रेंज गेली.

मी रडले, आणि रडून झाल्यावर हलकी झाले. खरंच हलकी झाले. वाटलं, पोचले नाही तरी आता चालेल. जे पोचवायचं ते पोचलं. उरलेलं अर्धं सँडविचही मी खाल्लं. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

दुपार कलायला लागली तेव्हा एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून लॉरी ओढली, ग्रिटरला वाट मिळाली आणि आम्ही एकामागे एक माथा ओलांडला. उतारावर वाटेत सोडून दिलेल्या गाड्या होत्या, काहींचे दिवे अजून चालूच. ब्रेकन जवळ आलं तशी माझ्या फोनला रेंज आली आणि तो टिंग टिंग वाजायला लागला. लंडनजवळ मेडनहेडला राहणाऱ्या काकांचे दोन मिस्ड कॉल. आणि माझ्या मुलीचा एक आवाजी निरोप. ती बेसिंगस्टोकला नोकरी करते. फोन गाडीला जोडलेला होता, त्यामुळे तिचा आवाज सगळ्या गाडीभर आला.

"आई, मामाने मला सकाळी सांगितला. आबा गेला. आय ॲम सो सॉरी, आई. तू रडते आहे का? मी ट्रेन बघते, पण सगळे कॅन्सल्ड आहे. मला कॉल कर. लव्ह यू."

निरोप सकाळचा होता. आम्ही डोंगर चढायला लागलो तेव्हाचा, रेंज गेली म्हणून अडकून राहिलेला.

माझी मुलगी इथे जन्मलेली. तिचं मराठी असं मोडकं, पण ती सरळ बोलते. दादाने सगळ्यांना कळवलं होतं. बेसिंगस्टोकला, मेडनहेडला, नागपूरलाही. तिला बिचारीला "आईला आत्ता सांगू नकोस" असं सांगायचं कुणाला सुचलंच नाही, कारण हे सांगावं लागत नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. रस्त्यात असलेल्या माणसाला मेल्याचं सांगायचं नाही. तब्येत जास्त आहे म्हणायचं, सोबत माणूस द्यायचा, वाटेत दोन घास खायला लावायचे आणि दारात पोचला की सांगायचं. आमच्याकडे हे दुधातून शिकवतात. मुलीला मी ते शिकवायची राहिले, आणि तेवढं एक बरं केलं. कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही.

मी नवऱ्याकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

त्याने गाडीचा वेग कमी केला. तो आधीच कमी होता. "हो," म्हणाला. "पहाटेच गेले. झोपेतच."

"आणि मी फोनवर बोलले ते?"

"तू ऐकत नव्हतीस. मी काय करणार होतो?"

मी गाडी थांबवायला लावली आणि उतरून चालायला लागले. घोटाभर चिखलबर्फातून, हॉस्पिटलात घालते त्याच बुटांनी. तो मागून गाडी हळूहळू आणत होता, आणि त्याच्या मागे सगळी रांग. कुणी हॉर्न वाजवला नाही. इंग्लंडात वाजवला असता कदाचित, वेल्समध्ये नाही. थोड्या वेळाने पाय बधिर झाले आणि मी परत गाडीत बसले. राग करायलाही पाय गरम लागतात.

दादाच्या दारात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. दादा बाहेर आला आणि मला जवळ घ्यायला हात पुढे केले. मी म्हणाले, "सांग आता. ठरल्याप्रमाणे दारात सांग." त्याचे हात तसेच राहिले. वहिनी मागून म्हणाली, "अहो ताई, रस्त्यात कसं सांगणार? एवढा स्नो, गाडी घसरली असती म्हणजे?" मी म्हणाले, आम्ही त्या बर्फात निघालोच का मग? बाबा गेलेत, रस्ता उघडला की या, असं म्हटलं असतंत तर मी घरी बसून रडले असते. मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसांना डोंगरावर पाठवलंत. दादाने हात खाली घेतले आणि दार पूर्ण उघडलं.

क्रिमेटोरियमची तारीख दोन आठवड्यांनी मिळाली. इथे मरणालाही अपॉइंटमेंट लागते. तोवर बर्फ वितळून रस्त्याकडेला काळे ढीग उरले होते आणि सगळे आरामात आले. लंडनकडून आलेल्या एका वयस्कर उपासकांनी पंचशील दिलं, आम्ही मागून म्हणत गेलो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे मी तोंड मिटलं आणि दादाकडे बघितलं. तो डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांत मोठ्याने म्हणत होता.

जेवणं झाल्यावर मी त्याला कार पार्कमध्ये एकटं गाठलं. एक गोष्ट मला विचारायची होती आणि दोन आठवडे विचारवत नव्हती.

"त्या दिवशी मी बोलत होते तेव्हा बाबा कुठे होते?"

"खाली ठेवले होते. मॉर्च्युअरीत."

"आणि तू?"

"गाडीत होतो. पेपर्सवर सह्या करून आलो होतो."

"मग फोन कुणाच्या कानाला धरलास?"

त्याने गाडीच्या किल्ल्या हातात फिरवल्या. "माझ्याच," म्हणाला.

म्हणजे त्याने सगळं ऐकलं होतं. सायकल, वस्ती, मागची खोली, ताट, सामानासारखं ठेवलं, सगळं. आणि मध्ये एका शब्दाने म्हणाला नाही की थांब, हे मी ऐकतोय. मला लाज वाटावी अशी त्याची अपेक्षा असेल तर ती वाटली नाही. त्यातला एक शब्द मी मागे घेतला नाही, घेणार नाही. मी ते बाबांशी बोलले होते. त्याने ते पळवलं.

"त्यांना जिना उतरवत नव्हता," दादा म्हणाला. "म्हणून ताट वर. आणि ती खोली त्यांनीच मागून घेतली होती. पुढची देत होतो, नको म्हणाले. मागून रोड दिसतो, डोंगरावरून येणारा. तुझा यायचा दिवस असला की सकाळपासून खुर्ची खिडकीशी ओढून बसायचे."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. आवाजही त्या दिवशीच्या फोनवरचाच होता, हळू, समजावणीचा.

हे खरं असेलही. खरं असावं असं मला रोज वाटतं. पण बाबा माझी वाट बघत बसायचे, हे मला सांगणारा जगात एकच माणूस आहे, आणि "धरलाय, बोल" असं सांगणाराही तोच होता.